घुंगरांशिवाय आलेली गाडी

धुळे, ८ फेब्रुवारी १९५३

पितांबरभाऊ,

पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहावं, साष्टांग दंडवत घालावा आणि मग हालहवाल सांगावी, असं आपल्याला शाळेत शिकवलं. आतापर्यंतच्या सगळ्या पत्रांत मी ते मुकाट्याने केलं. तुझं एकाही पत्राला उत्तर नाही. तेव्हा या खेपेपासून दंडवत बंद. तू दोन ओळी लिहिल्यास की राहिलेले सगळे एकदम घालीन, कंबर मोडली तरी चालेल.

तू रागावला आहेस हे मला माहीत आहे, आणि कशासाठी तेही. हे गेले त्या वर्षी तू स्वतः गाडी जुंपून मला सासरहून घरी आणलंस. घरात मला कोणी उणं बोललं नाही. वहिनी तर स्वतःच्या ताटातलं तूप माझ्या ताटात वाढायची. आणि मी मात्र सुईणपणाचं शिक्षण घ्यायला धुळ्याला निघाले. तू दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "मले काय तुह्या दोन भाकरी जड झाल्या का? लोक काय म्हनतीन मले?" मी म्हटलं, भाकरीसाठी नाही जात रे. त्यावर 'घरात पाय ठेवू नको' म्हणून तू तोंड फिरवलंस, ते अजून फिरवलेलंच आहे.

अबोला धरावा तर तुझ्यासारखा. लहानपणी तुझा भोवरा माझ्या हातून विहिरीत पडला तेव्हा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तू माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा निदान दिवाळीला तरी बोललास.

आज लिहायला बसले, कारण आज मी जे ऐकलं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय आहे कोण?

इथे प्रसूतीच्या खोलीत एक लाकडी नळी असते. वीतभर लांब, एका बाजूला पेल्याच्या तोंडासारखी पसरट, दुसऱ्या बाजूला चपटी. पसरट तोंड बाईच्या पोटावर टेकवायचं, चपट्याला कान लावायचा, आणि मग नळीवरचा हात सोडून द्यायचा. नळी नुसती कान आणि पोट यांच्यामध्ये दाबून ठेवायची. हाताने धरली तर हाताचीच खरखर ऐकू येते. मोकळ्या हाताने बाईचं मनगट धरायचं. का, ते मला आज कळलं.

साक्रीकडची सुंदरबाई नावाची बाई आली होती. तिला कळा येत होत्या आणि प्रत्येक कळ ओसरली की तिचा एकच प्रश्न, "बाई, मनं लेकरू जिवत शे ना? सांग ना व माय." मी नळी लावली. धप, धप, धप. मी आनंदाने ओरडलेच, आहे, आहे! आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर जवळ आल्या. त्यांनी माझी बोटं सुंदरबाईच्या मनगटावर ठेवली. तिची नाडी आणि माझ्या कानातला ठोका, दोन्ही बरोबर एकाच वेळी पडत होते. मी लेकराचं नाही, आईचंच काळीज ऐकत होते.

"घाबरू नको. नळी सरकव," सिस्टर म्हणाल्या आणि खोलीतल्या सगळ्या बायकांना त्यांनी गप्प केलं. मी नळी खाली नेली, मग डावीकडे नेली. आणि भाऊ, ते आलं. आपल्या मळ्यात उभं राहून कान दिला की लांब कोणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन ऐकू यायचं, आठवतं? बारीक, पण घाईघाईने चाललेलं? अगदी तसं. आईच्या नाडीपेक्षा जवळजवळ दुपटीने जलद. आईचा हात माझ्या हातात संथ चालला होता आणि माझ्या कानात ते दुसरं कोणीतरी धावत होतं.

सुंदरबाईला मुलगा झाला. मला म्हणाली, "बठ्ठं तुना कानमुळे व्हयनं व माय." माझ्या कानामुळे काही झालं नाही, जे झालं ते तिने केलं. पण तुझ्या बहिणीचे कान कोणाच्या तरी कामाला आले, एवढं तू ऐकावंस म्हणून लिहिलं.

वहिनीला सांग, तिच्या हातची कळण्याची भाकरी इथे कोणालाही जमत नाही.

मंदा


यावल, ३ जुलै १९५५

पितांबरभाऊ,

मी यावलला आले आहे. इथल्या दवाखान्यात मिडवाइफ म्हणून. पाटीवर नाव नाही, पण लोक 'नर्सबाई' म्हणतात आणि मी ओ देते. आपलं गाव इथून बैलगाडीने दीड तास. मी ही जागा मागून घेतली. का मागितली ते तुला ठाऊक आहे.

तुझा सालदार चिंधा मला चैत्रात जळगावच्या बाजारात भेटला होता. त्याने सांगितलं. पहिलं लेकरू गेलं तेव्हा मी धुळ्याला होते, तेही मला असंच कोणाकडून तरी कळलं होतं. आता दुसरंही. दोन्ही वेळा पोटात नीट वाढलेलं, दिवस भरलेले, आणि बाहेर आल्यावर रडलंच नाही. तू पत्राने कळवलं नाहीस याचा मला राग आला, आणि त्या रागात मी दोन दिवस जेवले नाही. मग वहिनीचा विचार आला. तिने किती दिवस जेवण टाकलं असेल!

तानुबाई आजीच्या हातून काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझा-माझा जन्म तिच्याच हातचा आहे. पण आतल्या लेकराला कळांचा ताण सोसत नाही, ते दमतं आहे, हे बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. ते ऐकावं लागतं. आणि एकदा ऐकून भागत नाही. कळ येऊन गेली की ऐकायचं, पुन्हा आली की पुन्हा ऐकायचं. कळेनंतर ठोके मंदावले आणि लगेच सावरले तर ठीक. सावरायला वेळ लागू लागला तर हातपाय हलवायची वेळ आली. एवढंच काय ते शास्त्र.

ते काम इथे कसं चालतं ते आता ऐक आणि हस. दवाखान्याच्या समोर पिठाची गिरणी. तिचं इंजिन सुरू झालं की पोटावर ठेवलेल्या नळीत गिरणीच ऐकू येते. रस्त्याने बैलगाड्या, त्यांच्या घुंगूरमाळा. बाईबरोबर सासू, मावशी, शेजारीण, आणि शेजारणीची जाऊ. परवा मी सगळ्यांना म्हटलं, जरा गप्प बसा, मला ऐकू द्या. एक म्हातारी म्हणाली, "आमी कुठं बोलू राह्यलो?" आणि हेच पटवून द्यायला ती पुढे कितीतरी वेळ बोलत राहिली. दुसरीने विचारलं, "नर्सबाई, पिपाणीत पोरगा बोलते का पोरगी?" मी म्हटलं, आजी, ते म्हणतंय भूक लागली, आधी माझ्या आईला काहीतरी खाऊ घाला.

गिरणीवाला हिलालशेठ भला माणूस आहे. मी खिडकीतून पांढरा रुमाल हलवला की तो थोडा वेळ पट्टा उतरवतो. पण रुमाल हलवायला गेलं की नळी सुटते.

पुन्हा दिवस राहिले तर मला कळव. बोलू नकोस हवं तर. नुसतं कळव.

मंदा


यावल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९५५

पितांबरभाऊ,

काल दवाखान्याच्या ओट्यावर बसराई केळीचा एक घड ठेवलेला होता. कोणी ठेवला, कोणालाच माहीत नाही. शिपाई म्हणाला, कोण्या बाळंतिणीच्या माणसाने ठेवला असेल. असेल बुवा. पण घडाला दांड्यापाशी सुतळीचे तीन वेढे आणि आत दडवलेली गाठ होती. ती गाठ आबा मारायचे आणि त्यांच्यानंतर पंचक्रोशीत एकच माणूस मारतो.

केळी गोड होती. चोराला कळवावं म्हणून लिहिलं.

काल पोळ्याची मिरवणूक खिडकीतून पाहिली आणि आबांच्या पितळी घुंगूरमाळा आठवल्या. तू त्या अजून चिंचेने घासतोस का? आबा गेले तेव्हा त्या बैलांच्या गळ्यातून उतरवल्या होत्या आणि तेराव्यानंतर तूच पुन्हा बांधल्यास. त्या आवाजावरून मी गाडी वेशीबाहेर असतानाच ओळखायचे, भाऊ आला.

मंदा


यावल, १६ सप्टेंबर १९५६

पितांबरभाऊ,

वहिनी परवा येऊन गेली हे मी तुला सांगणार नव्हते. तिने तसं माझ्याकडून वचन घेतलं होतं, 'त्याइले सांगू नका' म्हणून. पण मी खिडकीतून बाहेर पाहिलं तर निंबाखाली गाडी सोडलेली, आणि गाडीच्या पलीकडे दवाखान्याकडे पाठ करून एक माणूस बसलेला. पाठीवरून माणूस ओळखू येतं रे. विशेषतः ज्याची पाठच पाच वर्षं आपल्याकडे आहे, त्याची.

म्हणजे तिला गाडीत घालून तूच आणलंस, आणि तिला वाटतं की तुला ती बाजाराला आली एवढंच माहीत आहे. तुम्ही दोघं नवरा-बायको एकाच माणसाचे दोन भाग आहात. आत येऊन एक पेला पाणी घेतलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

असो. वहिनीला सातवा चालू आहे. तब्येत चांगली आहे, पायांवर थोडी सूज आहे, मीठ कमी करायला सांगितलं आहे, तू लक्ष ठेव. तिला खाटेवर निजवलं तेव्हा ती डोळे घट्ट मिटून पडली. मी नळी लावली तर म्हणाली, "मंदाताई, काही नसलं तर मले सांगू नका." मी तिचं मनगट धरलं. तिची नाडी एकीकडे, आणि दुसरीकडे ते. जोरात, नीट, घाईत. मी काही बोलण्याआधीच तिने माझा चेहरा पाहिला आणि रडू लागली.

तिच्या स्वतःच्या पोटाला तिचा कान पोचणार नाही, म्हणून मी तिच्याबरोबर आलेल्या तानुबाई आजीला ऐकवलं. आजीने आधी नळी फिरवून फिरवून पाहिली, मग कान लावला. जन्मभर बाळंतपणं केली तिने, पण हे कधी ऐकलं नव्हतं. "वो माय! हे त पयू राह्यलं! मांजर मांगं लागल्यासारखं पयू राह्यलं!" आणि मग वहिनीच्या पोटाला म्हणाली, "पय बापा, पय. थांबू नको."

भाऊ, आता हसणं बाजूला ठेवते. तिला बाळंतपणाला इथे दवाखान्यात आण. तुझ्या घरातली बाई बाहेर बाळंत होणार नाही असं तू म्हणशील, हे मला माहीत आहे. मग निदान कळा सुरू झाल्या की लगेच माझ्यासाठी गाडी पाठव. तू मला 'घरात पाय ठेवू नको' म्हणाला होतास. मी घरात येणार नाही. मी फक्त त्या खोलीत येईन आणि काम झालं की त्याच पावली निघेन. मला मान नको, चहा नको, लुगडं नको. मला एकच गोष्ट लागेल, शांतता. आपल्या गल्लीत ती कधी नसते. शेजारची गिरणी, तुझ्या विहिरीवरचं इंजिन, बैलांच्या माळा, आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर जमून बोलणाऱ्या पंधरा बायका. त्या गोंगाटात मला आईचं काळीज ऐकू येईल आणि मी ते लेकराचं समजेन. ही चूक कशी होते ते मला माहीत आहे. तुझ्या घरी ती माझ्याकडून होऊ नये.

दोन लेकरं आपण न ऐकता घालवली. हे ऐकून घेऊ.

मंदा


यावल, २० ऑक्टोबर १९५६

पितांबरभाऊ,

उत्तर नाही. केळीचा घड मात्र आला. तो शिपायाला दिला, मला केळी गेली नाहीत.

दिवाळीनंतर केव्हाही. मी रजा घेतलेली नाही, गाव सोडत नाही. नळी पिशवीत आहे, पिशवी दाराशी आहे. गाडी पाठव.

मंदा


यावल, १२ नोव्हेंबर १९५६

पितांबरभाऊ,

काल आपण समोरासमोर आलो आणि एक शब्दही बोललो नाही. म्हणून आज लिहिते आहे. जे झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण तू दाराबाहेर होतास, आणि मला अर्धंच माहीत आहे, कारण मी आत होते.

काल रविवार. मी दुपारची भाकरी खायला बसले होते. दाराशी गाडी उभी राहिली, पण ती आल्याचं मला कळलंच नाही, कारण तिचा आवाज आला नाही. वर पाहिलं तर आपले बैल. आणि त्यांच्या गळ्यात माळा नव्हत्या.

भाऊ, माझ्या हातातला घास ताटात पडला. आबांच्या वेळेनंतर त्या माळा कधी उतरल्या नव्हत्या. मी चिंधाकडे पाहिलं. तो बोलेना. मी विचारलं, वहिनी? त्याने मान हलवली, पण होय की नाही ते कळेना. मी त्याचा दंड धरून गदागदा हलवला तेव्हा तो माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "कया येऊ राह्यल्या सकायपासून. वहिनी बरी हाये. भाऊनं सांगतलं, आवाज करायचा नई. म्हनून माया काढल्या." मी म्हटलं, अरे मग इथे यावलला काय कुजबुजतोस? तर म्हणाला, "भाऊनं कुठपासून बोलायचं ते सांगतलं नई." त्या भीतीत मला हसू आलं. हसता हसता पिशवी घेतली आणि गाडीत बसले.

मग आपलं गाव आलं. वेशीपासूनच मला काहीतरी वेगळं वाटलं. गिरणीचं दार उघडं होतं आणि गिरणी बंद होती. शालिग्रामबुवा ओट्यावर बसून नुसते पट्ट्याकडे पाहत होते. विहिरीवरचं इंजिन बंद, केळी पाण्यावाचून उभी. गल्लीच्या तोंडाशी बायका होत्या, पण तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पोरं एकही नाही. नंतर कळलं, तू ती सगळी उसाचं आमिष दाखवून नदीकडच्या शेतात पाठवून दिली होतीस. आणि आपल्या अंगणात कोंबड्यासुद्धा टोपलीखाली झाकलेल्या, वर पोतं टाकलेलं.

तेव्हा मला कळलं. माझं प्रत्येक पत्र तू वाचलं होतंस. नुसतं वाचलं नव्हतंस, पाठ केलं होतंस.

तू दाराशी उभा होतास. मला पाहिलंस आणि बाजूला सरलास. 'घरात पाय ठेवू नको' असं मला ज्या दारातून सांगितलं होतंस, त्याच दाराच्या उंबऱ्याबाहेर पाय धुवायला पाण्याची बादली ठेवली होती. मी पाय धुतले आणि आत गेले.

आता आतलं ऐक. वहिनी घामाने भिजलेली होती. तानुबाई आजी तिच्या पाठीशी बसून कंबर चोळत होती. मी नळी लावली, दुसऱ्या हाताने मनगट धरलं. ठोका आला. संथ. मनगटाबरोबरच पडणारा. तो आईचा होता. मी नळी सरकवली. काही नाही. पुन्हा सरकवली. काही नाही. वहिनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, म्हणून मी चेहरा दगडाचा केला. तेवढ्यात कळ आली, ती जाईपर्यंत थांबले, आणि मग हातांनी पोट नीट चाचपून पाहिलं. लेकरू फिरलं होतं, त्याची पाठ आता उजवीकडे गेली होती. तिथे, खाली, मी कान लावला.

भाऊ, गिरणी चालू असती तर मला ते ऐकू आलं नसतं, इतकं ते आत दडलेलं होतं. ऐकू न येतं तर मीही, शिकलेली असून, तुम्हाला सांगितलं असतं की नाही रे काही, आणि मग कोणी घाई केली नसती. पण गावभर शांतता होती. ते आलं. धावत होतं.

पुढे बराच वेळ ठीक चाललं होतं. कळ आली की मंदावे, गेली की पुन्हा धावे. मी प्रत्येक कळेनंतर ऐकत होते आणि तानुबाई आजी माझ्या तोंडाकडे पाहून वहिनीला सांगत होती, "पयते, माय, पयते." मग ऊन उतरायला लागलं तेव्हा एक कळ गेली आणि ते सावरलं नाही. मी थांबले. अजून नाही. लांबच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडायच्या आधी जसं अडखळतं, तसं अडखळू लागलं. मग हळूहळू आलं. पुढच्या कळेनंतर आणखी उशिरा आलं.

जळगावचा मोठा दवाखाना तापीपलीकडे. तेवढा वेळ नव्हता. मी वहिनीला डाव्या कुशीवर वळवलं, तर थोडं सुधारलं. डोकं खाली आलेलं होतं. मी तिच्या कानाशी म्हटलं, वहिनी, ते दमलंय, आता त्याला बाहेर काढायचं आहे, पुढच्या कळेला आहे नाही तेवढा सगळा जोर लाव. दोन वेळचं सगळं दुःख त्या बाईने त्या जोरात लावलं असेल. डोकं आलं. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते. मी एक सोडवला, दुसरा सोडवला, आणि ती आली.

ती निळी होती आणि रडली नाही.

तानुबाई आजीने डोळे मिटले. तिने हे आपल्या घरात दोनदा पाहिलं होतं. मी तोंड पुसलं, नाक साफ केलं, पाठ चोळली, तळवे चोळले. खोलीत आवाज नव्हता, गल्लीत नव्हता, गावात नव्हता. दाराच्या फटीतून मला तुझी पाठ दिसत होती. तू भिंतीला टेकून, पाठ आमच्याकडे करून उभा होतास.

आणि मग ती रडली. आधी मांजराच्या पिलासारखी, मग अशी, की गल्लीच्या टोकाला उभ्या बायकांनी तोंडावरचे पदर काढले.

मी फटीतून पाहिलं तर तुझी पाठ तिथे नव्हती. मला वाईट वाटलं, खरं सांगते. मनात आलं, कोणी बाहेर जाऊन 'पोरगी झाली' सांगितलं की काय, आणि तू तोंड फिरवून गेलास की काय. तुझी ती सवय मला माहीत आहे ना. मी वहिनीचं आवरत होते आणि मनात तुला बोल लावत होते. तोच मळ्याकडून आवाज आला. डुग, डुग, डुग. विहिरीवरचं इंजिन. तू धावत जाऊन ते सुरू केलं होतंस. कोणाला काही विचारायला तू थांबलाच नव्हतास, मुलगा की मुलगी तेसुद्धा. इंजिन ऐकून शालिग्रामबुवांनी गिरणी सुरू केली, कोणीतरी कोंबड्या सोडल्या, आणि सगळ्या गावाला कळलं.

तू परत आलास तेव्हा तुझे हात तेलाने काळे होते. मी तिला फडक्यात गुंडाळून तुझ्यापुढे धरली. तू हात मागे घेतलेस, काळे आहेत म्हणून दाखवलेस, आणि वाकून नुसती पाहिलीस. मी काही बोलले नाही. बोलले असते तर मला रडू फुटलं असतं आणि मग वहिनीकडे कोणी पाहिलं असतं?

मी निघाले तेव्हा दाराशी गाडी जुंपलेली होती आणि तू बैलांच्या गळ्यात स्वतः माळा बांधत होतास. त्याच माळा. यावलपर्यंत मी तो आवाज ऐकत आले. चिंधा वाटेभर मोठमोठ्याने गात होता, बेसूर.

भाऊ, पाच वर्षं तुझा अबोला मला लागला, फार लागला. काल मात्र तो कामाला आला. तू साऱ्या गावाला अबोला धरायला लावलास म्हणून तुझी लेक मला ऐकू आली. पण आता पुरे. एवढ्यावर तो मोडायला हरकत नाही.

वहिनीला दूध आलं की नाही ते कळव. अंगावर पाजायला लगेच सुरुवात करा, पहिलं दूध टाकू नका, तानुबाई आजी टाका म्हणेल. नाळेला शेण-राख काही लावायचं नाही. हे तीनदा वाच, तुला पाठ होतं हे मला आता कळलं आहे.

मंदा


यावल, १७ नोव्हेंबर १९५६

पितांबरभाऊ,

तुझं कार्ड पोचलं. पोस्टमनने दिलं तेव्हा मी आधी पत्त्याचीच बाजू पाहत बसले, तुझ्या अक्षरातलं माझं नाव इतक्या वर्षांनी पाहिलं म्हणून. तीन ओळी लिहिल्यास. त्यांतली एक दुधाबद्दल आहे. बरं झालं, वहिनीला दूध आलं.

बाकीच्या दोन मी सकाळपासून वाचते आहे. 'गुरुवारी बारसं. आत्या लागते. नाव तूच सांग, लोकांचं मी पाहतो.'

भाऊ, तू विसरला नसशील, पण मी लिहून ठेवते. मी विधवा आहे. पाळण्याजवळ कुंकवाच्या बायका उभ्या राहतात, बाळाच्या कानात नाव सवाष्ण आत्या सांगते, अशी आपल्याकडे रीत आहे. तिथे मी उभी राहिले तर बायका कुजबुजतील, आणि तुझ्या घरी माझ्यामुळे कोणी कुजबुजावं हे मला नको, असं मी तुला लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या. मग तुझं कार्ड पुन्हा वाचलं. 'लोकांचं मी पाहतो.' मी घरातून निघाले तेव्हा लोक काय म्हणतील याचंच तुला भय होतं. त्या दोन ओळी मी फाडून टाकल्या.

मी येते. बुधवारी संध्याकाळी गाडी पाठव, आणि माळांसकट पाठव. चिंधाला सांग, बोलायला परवानगी आहे. गिरणी बंद ठेवू नकोस, कोंबड्या झाकू नकोस, गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलाव आणि त्यांना म्हणावं, हवं तेवढं बोला. राहिलेले दंडवतही मी आल्यावर घालीन. किती राहिले ते मोजत बसू नकोस.

नाव मी ठरवलं आहे, पण इथे लिहीत नाही. आधी तिला सांगेन, मग तुला. इतके दिवस कान लावून मी तिचं ऐकलं. आता तिने माझं ऐकायचं आहे.

मंदा